जळालेलं गाव पुन्हा का वसलं नाही?

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, ऑस्ट्रियाच्या सीमेला अगदी खेटून, स्लावोनित्से नावाचं छोटं शहर आहे. शहराबाहेरच्या रानात शिरलं की दाट झाडीत एक ओढा लागतो, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी ओळीने दगडी जोती दिसू लागतात. हे फाफेनश्लाग. १३व्या शतकात वसलेलं आणि १५व्या शतकाच्या पूर्वार्धात उठलेलं गाव. त्यानंतर पाचेकशे वर्षं तिथं माणूस राहिला नाही. १९६० ते १९७१ या काळात व्लादिमीर नेकुदा या पुरातत्त्वज्ञाने ते जवळजवळ संपूर्ण उकरून काढलं. सोळा शेतकरी घरं आणि एक पाणचक्की, एवढा त्याचा पसारा.

एखादं घर किंवा एखादी गल्ली खणणं वेगळं आणि अख्खं गाव खणणं वेगळं. अख्खं गाव समोर आलं की शेजाऱ्याचं घर मोठं आणि आपलं लहान, पाणचक्की कोणाच्या अंगणाजवळ, वाट कुठून कुठं, हे सगळं दिसतं. त्यामुळे ओसाड मध्ययुगीन गावांविषयी काही समजून घ्यायचं तर फाफेनश्लागपासून सुरुवात करणं सोयीचं.

ओसाड म्हटलं की आपल्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, लोक का गेले? प्लेग, दुष्काळ, लढाई अशी उत्तरंही तयार असतात. माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. मध्ययुगात लाकूड, माती आणि गवती छपरांची गावं एकदा नव्हे, अनेकदा जळत. साथी येत, सैन्यं येत. तरी बहुतेक गावं राखेतून उठून पुन्हा उभी राहिली आणि आज नकाशावर आहेत. म्हणून खरं शोधायचं ते असं की इथंच लोक परत का आले नाहीत.

रान जुनं नाही

या प्रदेशातलं रान बघून ते अनादी काळापासून तिथं असावं असं वाटतं. तसं नाही. १२व्या आणि १३व्या शतकात मध्य युरोपात लोकसंख्या वाढत होती आणि सपाट, सुपीक खोऱ्यांतली जमीन संपत आली होती. मग राजे, सरदार आणि मठ यांनी आपापल्या ताब्यातली डोंगराळ रानं तोडून तिथं गावं वसवायला सुरुवात केली. फाफेनश्लागच्या जागी तर त्याहूनही जुनी, १२व्या शतकातली एक छोटी वस्ती सापडली. अर्धी जमिनीत खणलेली घरं आणि कोपऱ्यात दगडी भट्टी, अशी तिची रचना होती. म्हणजे तिथं माणूस एकदा येऊन गेला होता, गाव मोडलं होतं आणि मग दुसऱ्यांदा नव्या पद्धतीनं वसलं.

ही नवी पद्धत आपल्याला ओळखीची वाटेल. जमीनमालक एका कंत्राटदारासारख्या माणसाला गाठायचा. त्याला लोकाटोर म्हणत. कुटुंबं जमवायची, रान तोडायचं, जमीन मोजून वाटायची ही त्याची कामं. बदल्यात त्याला गावची मुखत्यारी वंशपरंपरेनं मिळे, एखादं करमुक्त शेत मिळे, कधी चक्की किंवा खानावळ चालवायचा हक्क आणि दंडाच्या रकमेतला वाटा. नव्या कुटुंबांना सुरुवातीची काही वर्षं सारा माफ असे. आपल्याकडे ओसाड जमीन लावणाऱ्याला इस्ताव्याचा कौल देत, पहिली वर्षं सूट आणि पुढं चढता सारा, आणि गाव वसवणाऱ्याला पाटीलकीचं वतन मिळे. हिशोब तोच होता: रिकाम्या जमिनीतून धन्याला काहीच मिळत नाही, म्हणून आधी थोडं सोडायचं.

सूट संपली की मात्र पैसे मोजावे लागत. साधारणपणे वर्षातून दोनदा, वसंतात सेंट जॉर्जच्या आणि शरदात सेंट मायकेलच्या सणाला. सारा रोख आणि ठरलेला, पीक येवो न येवो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घराची मांडणी तीन खणांची होती. मधे प्रवेशाचं दालन, एका बाजूला भट्टी असलेली राहायची खोली, दुसऱ्या बाजूला धान्य-चीजवस्तूंची कोठी. नेकुदांच्या उत्खननामुळे ही रचना इतकी स्पष्ट दिसली की मध्य युरोपातलं पारंपरिक शेतकरी घर मध्ययुगातच तयार झालं होतं हे ठामपणे सांगता येऊ लागलं. १९व्या शतकातल्या खेड्यांतही हीच तीन खणांची घरं उभी होती.

झाडीखालचं गाव सापडतं कसं

इथं विषय खरा रंजक होतो. रानात जोती दिसली तर गाव ओळखणं सोपं. पण बहुतेक ठिकाणी दगडही दिसत नाहीत, फक्त जमिनीला हलके उंचवटे आणि खळगे असतात.

चेक प्रजासत्ताकातल्याच बर्नो शहराच्या उत्तर-ईशान्येला द्राहानी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. सर्वोच्च माथा ७३५ मीटर, खाली कठीण गाळाचा खडक, वर पातळ माती, पाण्याची टंचाई. या एका प्रदेशात मध्ययुगीन ओसाड गावांचा अक्षरशः खच आहे. एर्विन चेर्नी नावाच्या संशोधकानं कित्येक वर्षं ही रानं पायी पालथी घातली आणि गावांबरोबर त्यांची शेतंही नकाशावर उतरवली. झाडांमधून फिरताना त्यांनी काय शोधलं? शेताच्या कडेला रचलेले दगडांचे ढीग, उतारावरच्या ताली, बांधांच्या लांबच लांब रेषा, खोल गेलेल्या गाडीवाटा. आपल्या कोकणात गडगे आणि डोंगरउताराच्या ताली बघितलेल्या माणसाला हे रान लगेच वाचता येईल. शेतातला दगड वेचून कडेला टाकायचा, वर्षानुवर्षं नांगरट केली की माती उताराच्या खालच्या बांधाला साचून पायरी तयार होते. ही पायरी रान वाढल्यावरही मोडत नाही.

उलट, सुपीक खोऱ्यात जिथं आजही शेती चालते, तिथं नांगरानं आणि पुढं ट्रॅक्टरनं जुन्या गावाचं नामोनिशाण पुसून टाकलंय. म्हणजे गाव गिळलं असं ज्या रानाविषयी म्हणतात, त्याच रानानं ते सांभाळलं.

चेर्नींना जे पायी करावं लागलं त्यातलं बरंच काम आता लायडार करतं. विमानातून जमिनीकडे लेझरचे लक्षावधी ठोके सोडायचे. बहुतेक ठोके पानाफांद्यांवर आदळून परततात, पण थोडे फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. परत येण्याच्या वेळेवरून प्रत्येक बिंदूची उंची मोजायची, झाडांचे बिंदू संगणकावर गाळून टाकायचे, उरते ती उघडी जमीन. मग तिरप्या उन्हाचा आभास द्यायचा, म्हणजे वीत-दोन वीत उंचीचा बांधही सावलीमुळे उठून दिसतो. २००९ नंतरच्या काही वर्षांत चेक सरकारनं सगळ्या देशाचं असं मोजमाप करून घेतलं. तेव्हापासून घरबसल्या ओसाड शेतं शोधणारे हौशी लोकही वाढलेत. अर्थात पडद्यावर दिसणारा चौकोन घराचा पाया आहे की १९व्या शतकातली कोळशाची भट्टी, हे ठरवायला शेवटी बूट घालून रानात जावंच लागतं.

दुसरी खूण मातीच्या आत असते. माणसं आणि जनावरं जिथं राहतात तिथं शेण, मूत्र, राख, हाडं पडतात. त्यातला फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि पावसानं सहजासहजी वाहून जात नाही. १९३०च्या सुमारास स्वीडनमधल्या ओलोफ अर्‍हेनियस यांच्या लक्षात आलं की मातीतलं फॉस्फेट जास्त म्हणजे तिथं कधीकाळी वस्ती. ठरावीक अंतरावर मातीचे नमुने घेतले की गोठा कुठं, अंगण कुठं याचा अंदाज येतो, खणायच्या आधीच.

झाडाझुडपांनाही हा फॉस्फरस कळतो. अंगाला लागताच आग करणारी नेटल वनस्पती जुन्या उकिरड्यांवर माजते. निळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी विन्का तर मध्य युरोपात जुन्या वस्तीची खूण म्हणूनच प्रसिद्ध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात दिसलं की ईशान्य फ्रान्समधल्या एका रानात रोमन काळातल्या शेतवाड्यांच्या जागी आजही माती जास्त कसदार आहे आणि वनस्पतींचे प्रकार वेगळे आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षं रान वाढूनही जुन्या शेणखताचा हिशोब संपलेला नाही!

आणि कागद. मोराव्हियात, म्हणजे चेक देशाच्या ज्या पूर्वेकडच्या प्रांतात ही गावं येतात तिथं, जमिनीच्या व्यवहारांच्या नोंदवह्या १३४८ पासून सुरू होतात. त्यांत गावं विकली जातात, गहाण पडतात, हुंड्यात दिली जातात. एखाद्या ओळीत गावाच्या नावामागे 'ओसाड' असं लिहिलेलं आढळतं आणि त्यापुढेही कित्येक पिढ्या तेच गाव त्याच शेऱ्यासकट विकलं जात राहतं. माणूस नसलेलं गाव विकत कोण घेतं? जमिनीचे, कुरणांचे, शिकारीचे, तळ्यांचे हक्क विकत घेणारे घेतात. आपल्या महसुली दप्तरांत बेचिराख गावांची नावं टिकून राहिली त्यामागचं कारणही हेच. म्हणूनच कागदावरची ओसाडीची तारीख थोडी संशयानं घ्यावी लागते. नोंद झाली तेव्हा गाव कदाचित तीस वर्षं आधीच रिकामं झालेलं असतं. नेमका काळ ठरवायला खापरं जास्त कामाची. या भागात ग्रॅफाइट मिसळलेल्या मातीची काळसर भांडी वापरत आणि त्यांच्या काठाचा आकार पिढ्यापिढ्यांनी बदलत गेला. गावात कोणता आकार शेवटचा सापडतो त्यावरून चूल कधी विझली ते कळतं.

संशयितांची रांग

आता कारणांकडे. सगळ्यांचा लाडका संशयित प्लेग. १३४७ ते १३५१ मध्ये त्यानं पश्चिम आणि दक्षिण युरोपात हाहाकार उडवला यात शंका नाही. पण सगळीकडे सारखा नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १९ देशांतल्या २६१ ठिकाणांहून तळी-दलदलींच्या गाळातले परागकण तपासले गेले. शेती मोडली तर राय, गव्हासारख्या पिकांचे परागकण घटतात आणि बर्चसारख्या मोकळ्या जागी आधी उगवणाऱ्या झाडांचे वाढतात. काही प्रदेशांत ही घसरण ठळक दिसली. मध्य आणि पूर्व युरोपच्या बऱ्याच भागांत मात्र शेती तशीच चालू राहिली, काही ठिकाणी वाढलीसुद्धा. चेक प्रदेशाविषयी इतिहासकारांचं जुनं मतही असंच आहे की तिथं पहिल्या लाटेपेक्षा १३८०ची साथ अधिक जीवघेणी होती. एकूण, 'प्लेग आला आणि गाव संपलं' हे वाक्य फाफेनश्लाग किंवा द्राहानीला चिकटवताना जपून.

दुसरा संशयित युद्ध, आणि मोराव्हियात त्याच्याविरुद्ध पुरावा भरपूर आहे. १४व्या शतकाच्या अखेरीस मोराव्हियाच्या सत्ताधारी घराण्यातले दोन भाऊ, योश्त आणि प्रोकोप, एकमेकांशी झगडत होते आणि त्यांच्या टोळ्या गावं लुटत फिरत होत्या. द्राहानीतलं बिस्त्रझेत्स हे गाव १४०० नंतर लवकरच जळालं. लुदविक बेलक्रेदी यांनी १९७५ पासून तिथं उत्खनन केलं. गंमत अशी की आग हीच पुरातत्त्वज्ञाची मित्र ठरते. भिंतींचा चिखल भाजून विटेसारखा टणक होतो आणि त्यात गेलेल्या काठ्यांचे ठसे उमटतात. एरवी कुजून गेली असती ती भिंत कशी विणली होती ते त्यातून कळतं. पुढं १४१५ मध्ये यान हुस या धर्मसुधारकाला जाळण्यात आलं आणि १४१९ ते १४३४ अशी हुसाइट युद्धं पेटली. फाफेनश्लागचा शेवट बहुधा याच धामधुमीतला. १४६८ मध्ये हंगेरीचा राजा माथियास कॉर्व्हिनस मोराव्हियावर चालून आला, तेव्हा म्स्तेनित्से हे आणखी एक गाव संपलं. तेही नेकुदांनीच खणलं.

म्हणजे गाव कोणी जाळलं याचं उत्तर बऱ्यापैकी देता येतं. पण याच सैन्यांनी खोऱ्यांतलीही शेकडो गावं जाळली आणि ती पुन्हा बांधली गेली.

मग हीच का नाही?

इथं थोडं गणित करावं लागतं. मध्ययुगात एक पोतं बियाणं पेरलं तर साधारण तीन-चार पोती धान्य येई. त्यातलं एक पुढच्या पेरणीला बाजूला. जमिनीचे तीन भाग करून आलटूनपालटून पेरायची पद्धत, त्यामुळे एक तृतीयांश जमीन दरवर्षी पडीक. उरलेल्या दोन-तीन पोत्यांत घर चालवायचं, चर्चचा दशमांश द्यायचा आणि धान्य विकून रोख सारा भरायचा. हे खोऱ्यातल्या बऱ्या जमिनीचं. द्राहानीच्या पातळ मातीत हिवाळा लांब, उन्हाळा तोकडा आणि उतारावरचा कस दर पावसाबरोबर थोडाथोडा खाली जाणारा. रान तोडल्यावर पहिल्या काही पिढ्यांना पानांच्या कुजलेल्या थरानं साथ दिली. तो थर संपल्यावर नांगराला खडक लागू लागला.

त्यात बाजार फिरला. जर्मन इतिहासकार विल्हेल्म आबेल यांनी १९४०च्या दशकात यावर जी मांडणी केली ती आजही चर्चेचा पाया आहे. साथींनी माणसं कमी झाली, खाणारी तोंडं घटली, धान्याचे भाव पडले. मजूर कमी म्हणून मजुरी वाढली. ज्याचं सगळं उत्पन्न धान्य विकून येतं आणि ज्याचा सारा रोख ठरलेला आहे, तो शेतकरी दोन्हीकडून कात्रीत सापडला. आबेल यांच्या अंदाजानं जर्मन प्रदेशात १३००च्या सुमारास सुमारे १,७०,००० वस्त्या होत्या, त्या १५०० पर्यंत १,३०,००० वर आल्या. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा नाहीसा. त्यांच्या आकड्यांवर आणि केवळ भावांवर सगळं बसवण्यावर पुढं बरीच टीका झाली, पण कात्रीचा मुद्दा कोणाला पूर्ण खोडता आलेला नाही.

आता जळालेल्या फाफेनश्लागमधल्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहा. घर राख झालंय, बैल गेलेत, बियाणं जळालंय. पन्नास वर्षांपूर्वी असं झालं असतं तर दुसरीकडे जायला जमीनच नव्हती; झक मारत तिथंच बांधावं लागलं असतं. आता मात्र खोऱ्यातल्या गावात वारस नसलेली शेतं पडून आहेत, तिथला धनी माणसं शोधतोय, दोन वर्षं सूटही देईल. डोंगरावर परत कशाला जायचं? धन्याच्या बाजूनंही तेच. ओसाड गाव नव्यानं वसवायचा खर्च करण्यापेक्षा तिथं मेंढ्या, मासळीची तळी, इमारती लाकूड यांतून कमी माणसांत जास्त मिळतं.

म्हणून गावाचा मृत्यू दोन टप्प्यांत होतो असं मला वाटतं. युद्ध किंवा साथ घाव घालते, आणि जखम भरते की नाही हे माती आणि हिशोब ठरवतात. भूगोलकार कुर्ट शार्लाऊ यांनी १९३३ मध्ये एक उपयोगी भेद केला होता: वस्तीची ओसाडी वेगळी आणि शेतांची ओसाडी वेगळी. चांगल्या जमिनीवरचं गाव उठलं तरी शेतं शेजारच्या गावानं कसणं चालूच ठेवलं. घरं गेली, नांगर राहिला. डोंगरी रानातल्या गावांत मात्र दोन्ही गेली. बांधांवर आज जुनी झाडं उभी आहेत, यावरूनच कळतं की ती शेतं कोणालाच परवडली नाहीत.

सगळीकडे हेच घडलं असं मात्र समजू नका. इंग्लंडमधलं यॉर्कशरचं व्हॅरम पर्सी हे गाव घ्या. १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षं तिथं उत्खनन झालं. तिथंही साथीनं माणसं कमी झाली, पण शेवटच्या कुटुंबांना १५००च्या आसपास मालकानंच काढून लावलं, मेंढ्यांसाठी. तिथली जमीन नापीक नव्हती. लोकरीला भाव जास्त होता, एवढंच.

दुसरी ओसाडी

स्लावोनित्सेच्या आसपास फिरताना एक सावधगिरी बाळगावी लागते. रानात दिसणारं प्रत्येक जोतं मध्ययुगातलं नसतं. हा पट्टा पूर्वी जर्मनभाषक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन लोकसंख्येला देशाबाहेर घालवण्यात आलं, आणि मग ऑस्ट्रियाच्या सीमेवर काटेरी कुंपण आलं. सीमापट्ट्यातली कित्येक खेडी रिकामी पडली, काही पाडली गेली. त्यांवरही आता रान आहे. विटा, सिमेंट, काचेच्या बाटल्या, फळझाडांच्या रांगा दिसल्या तर ते हे दुसऱ्या खेपेचं ओसाड गाव. शेजारीशेजारी दोन ओसाडी, मधे पाचशे वर्षं, आणि कारणं एकमेकींशी अजिबात न जुळणारी. दुसऱ्या खेपेच्या घरांतल्या माणसांची नावं चर्चच्या आणि जमिनीच्या दप्तरांत आहेत. फाफेनश्लागच्या सोळा घरांतली नावं कोणालाच ठाऊक नाहीत.

मध्ययुगीन जागांना सध्या एक नवाच धोका आहे. १८व्या-१९व्या शतकात या रानांत लाकडासाठी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची एकसुरी लागवड झाली. २०१५ पासूनच्या कोरड्या वर्षांत ही झाडं कमकुवत झाली आणि सालीखाली पोखरणाऱ्या भुंग्यांनी मोराव्हियातली डोंगरच्या डोंगर स्प्रूस वाळवून टाकली. ती काढायला मोठी यंत्रं रानात उतरली. पाच-सहा शतकं अबाधित राहिलेले बांध आणि ताली अशा यंत्राच्या चाकाखाली एका दुपारी सपाट होऊ शकतात, नव्या लागवडीसाठी जमीन खोल उकरली तर जोतीही. त्यामुळे लायडारचे नकाशे आता फक्त शोधासाठी वापरून भागणार नाही. तोडीचा आराखडा ठरवणाऱ्या वनाधिकाऱ्याच्या टेबलावर ते आधी पोहोचायला हवेत, म्हणजे यंत्राची वाट जोत्यावरून न नेता चार हात बाजूनं आखता येईल.